घामाचा वास आणि नाजूक कातडी



आज आम्ही घामाच्या वासाविषयी बोलणार आहोत. हसू नका. या वासापायी माणसं सभेत मागं बसतात. एस.टी.त उभं राहावं लागलं तरी दांडी धरायला हात वर करीत नाहीत.

मुळात घामाला वास नसतो. काखेतला घाम थोडा दाट असतो. आपल्या कातडीवर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते हा घाम खातात, आणि मग वास सुटतो. लहान मुलाच्या काखेला असा वास येत नाही. कारण हा दाट घाम वयात आल्यावरच सुटू लागतो. तेव्हा वास येणारा माणूस घाणेरडा, असं म्हणणं बरोबर नाही.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक बाई येत. दिवसभर कांदा खुरपून येत आणि दाराशी बसत. एकदा आठवडाभर त्या आल्याच नाहीत. आमच्या मंडळींनी घरी जाऊन चौकशी केली. कुणीतरी सांगितलं म्हणून त्या काखेत रोज खाण्याचा सोडा आणि लिंबू चोळीत होत्या. कातडी लालभडक होऊन सोलली होती. हात खाली टेकवेना, खुरपं धरवेना. वर्ग बुडाला आणि मजुरीही बुडाली.

असं का झालं? आपली कातडी थोडी आंबट गुणाची असते. सोडा त्याच्या उलट, म्हणजे क्षार. काहींना तो सोसतो. त्यांच्याशी आमचं भांडण नाही. पण नाजूक कातडी त्यानं कोरडी पडते आणि चुरचुरते. लिंबू तर कातडीपेक्षा कितीतरी जास्त आंबट. त्याचा रस अंगावर असताना ऊन लागलं, तर भाजल्यासारखे डाग पडतात. धुण्याचा सोडा फारच जहाल. तो अंगाला कधीच लावायचा नाही. दोन्ही सोडे पांढरे दिसतात. आता वाचता येतं, तर पुडीवरचं नाव वाचून घ्या.

मग करायचं काय? 2 चमचे खोबरेल तेल घ्या. त्यात 4 चमचे आरारूट घालून बोटानं घोटा. आरारूट नसेल तर कॉर्नफ्लोअर चालेल. ते पांढरं, मऊ असतं. भाकरीचं मक्याचं पीठ नव्हे. मलम पातळ वाटलं तर आणखी थोडं पीठ घाला. पाण्याचा थेंबही नको, नाही तर ते नासेल. कोरड्या डबीत भरा. थंडीत खोबरेल गोठतं, तेव्हा बोटांवर चोळून घ्या. अत्तर, कापूर, निलगिरी घालायचा मोह आवरा. नाजूक कातडीला पुष्कळदा सुगंधच बाधतो.

आधी थोडंसं मलम कोपराच्या आतल्या बाजूला लावून 2 दिवस पाहा. खाज आली नाही, तरच काखेत लावा. आंघोळीला काख साबणानं हलक्या हातानं धुवा आणि चांगली कोरडी करा. हे धुणं आणि पुसणं म्हणजे निम्मं औषध. मग वाटाण्याएवढं मलम पुरे. जास्त लावलं तर कपड्याला तेलकट डाग पडतो.

यानं घाम थांबणार नाही. थांबवायचाही नाही, उन्हात अंग थंड ठेवायला तो लागतोच. आरारूट ओल शोषून घेतं, एवढंच.

न्हाव्याकडची तुरटी ओल्या काखेवर एकदा फिरवली, तरी वास कमी होतो. मात्र केस काढलेल्या दिवशी तुरटी नको. ती झोंबते.

कपड्यांचंही पाहा. टेरिकॉटसारख्या कपड्यात वास धरून राहतो, सुती कपड्यात कमी. धुतलेला सदरा, पोलकं उलटं करून उन्हात वाळवा.

काखेत गोल चट्टा उठला, पू झाला, गाठ आली किंवा कातडी सोलली, तर हे मलम लावू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. दुकानदार देईल ती ट्यूब लावू नका. चुकीच्या ट्यूबनं नायटा आधी दबतो आणि मग जास्तच पसरतो.

आम्ही तयार मलमाची एक डबी आणि आरारुटाची पुडी बरोबर आणली आहे. ज्यांना बघायची असेल, त्यांनी कंदिलापाशी यावं. भगिनींनी आधी या.