आवाज न करणारा बिघाड

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय जरा वेगळा आहे: रायफलची वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरायची, म्हणजे रीलोडिंग, आणि त्यासाठी लागणारी अवजारं ठीक कशी ठेवायची.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी अमेरिकेत, मिनेसोटात राहतो. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरता येतात आणि टार्गेट शूटिंग करणारे बरेच जण ती भरतात. भारतात तसं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. त्यामुळे पुण्या-नागपुरात बसून ऐकणाऱ्यांनी हे फक्त ऐकायचं. पण शेवटपर्यंत ऐका, कारण हा धडा कुठल्याही मशीनला लागू पडतो.

काडतुसाचे चार भाग असतात: पितळी केस (डोक्यावरचे नव्हेत हं!), बुडाशी प्रायमर, आत पावडर आणि तोंडाशी गोळी. फायर केल्यावर केस थोडी फुगते. प्रेस नावाच्या दांडीवाल्या मशीनवर तिला डायमध्ये दाबून मूळ मापात आणायचं, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, मोजून पावडर घालायची आणि गोळी बसवायची. एवढंच.

या कामात बिघाड दोन प्रकारचे होतात. एक आवाज करणारे, दुसरे गप्प बसणारे.

आवाज करणाऱ्यांचा राजा म्हणजे डायमध्ये अडकलेली केस. रायफलची केस डायमध्ये घालण्याआधी तिला ल्यूब लावावं लागतं. मी एकदा घाईत एक केस कोरडीच घातली. दांडी अर्ध्यात घट्ट झाली. तिथेच थांबायला हवं होतं, पण मी जोर लावला. केसची कड फाटली आणि केस आत रुतून बसली. मग डायमधली पिन वर घ्या, केसच्या बुडाला ड्रिलने भोक पाडा, आटे पाडा, बोल्ट घाला आणि ओढून काढा. रविवारची अख्खी सकाळ गेली. उलट ल्यूब जास्त झालं तर केसच्या खांद्यावर खळगा पडतो. म्हणून पातळ थर लावायचा आणि डाय अधूनमधून पुसायचा.

दुसरा आवाज प्रेसचा. जुन्या प्रायमरची राख रॅमवर पडते आणि बारीक वाळूसारखी धातू घासत राहते. दांडी खरखरायला लागली की समजायचं. राख पुसायची, रॅमला एक-दोन थेंब तेल द्यायचं. त्या राखेत शिसं असतं, म्हणून बेंचवर चहा-बिस्किट नाही आणि काम संपलं की साबणाने हात धुवायचे.

हे बिघाड त्रास देतात, पण प्रामाणिक असतात. ‘माझं काहीतरी चुकलंय’ असं ओरडून सांगतात. आता गप्प बसणाऱ्याची गोष्ट.

जानेवारीतली रात्र. बाहेर उणे वीस, मी बेसमेंटमध्ये. डिजिटल वजनकाटा चालू केला, झीरो केला आणि कामाला लागलो. पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन. तीस काडतुसं भरून झाली, सगळं मस्त. काटा बंद करण्याआधी सहज वीस ग्रेनचं तपासणीचं वजन पारड्यात ठेवलं. आकडा आला १९.४.

पोटात गोळाच आला. काटा कमी दाखवतोय, म्हणजे माझ्या केसमध्ये पावडर जास्त गेली आहे. ०.६ ग्रेन म्हणजे चिमटीभर मिठाहूनही कमी. पण मी भरत होतो थ्री-ओ-एट विंचेस्टर. त्यात कमाल दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो. तो दाब चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होतो. आणि काटा नेमका कधी सरकला? पहिल्या काडतुसाला की पंचविसाव्याला? काहीच कळायला मार्ग नव्हता.

मनात आलंच, ‘एवढ्याने काय होतंय!’ माझा चार्ज मॅन्युअलमधल्या कमाल आकड्यापेक्षा बराच खाली होता. बहुतेक काही झालंही नसतं. पण ‘बहुतेक’ या शब्दावर रायफल खांद्याला लावायची नसते. गोळ्या उपटायचा हातोडा काढला आणि तीसच्या तीस काडतुसं पुन्हा मोकळी केली. दोन संध्याकाळी गेल्या.

मग कारण शोधायला बसलो. इथे एकच नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काट्याशेजारी फोन होता, त्यावर पॉडकास्ट चालू होता. हो, मी पण तुमच्यातलाच! फोन लांब ठेवला. आकडा तरीही सरकत होता. मग छतातली हीटरची जाळी पुठ्ठ्याने झाकली. आकड्याचं थरथरणं थांबलं, पण सरकणं थोडं राहिलंच. शेवटी काटा अर्धा तास चालू ठेवला आणि मग झीरो केला. आता आकडा जागचा हलेना. म्हणजे थंडगार काटा तापण्याआधीच मी कामाला लागलो होतो, त्यात वरून गरम हवेचा झोत. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या असत्या, तर खरा चोर कोण हे कधीच कळलं नसतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. काटा आधी तापू द्यायचा. फोन बेंचवर नाही. दर दहा चार्जनंतर तपासणीचं वजन ठेवायचं. शिवाय एक सोपी खूण आहे: झीरो केलेलं रिकामं पारडं उचललं की काटा उणे आकडा दाखवतो. तो आकडा कागदावर लिहून ठेवायचा. तो बदलला, तर झीरो सरकला. वजन चुकलं, तर फक्त शेवटची दहा काडतुसं मोकळी करायची. तीस नाही.

आणि बेंचवर एका वेळी पावडरचा एकच डबा. काम संपलं की उरलेली पावडर लगेच मूळ डब्यात. सकाळी उठून ‘ही कोणती बरं?’ असा प्रश्न पडला, तर ती पावडर वापरायची नाही.

मशीन खरखरलं की आपण थांबतोच. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतं, तेव्हा थांबून तपासायची सवय लावून घ्यावी लागते. मला त्या सवयीची किंमत दोन संध्याकाळी मोजावी लागली. स्वस्तात सुटलो.

चला, पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!