फोटो बघायचा की वाचायचा?

गेवराई तालुक्यातलं उमापूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. या राज्यात 1899-1900 साली भीषण दुष्काळ पडला. तेव्हा औरंगाबाद भागातल्या मदतकार्याचे फोटो काढले ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओनं.

त्यातल्या एका फोटोत लंगोटी नेसलेले, बरगड्या मोजता येतील असे तरुण दिसतात. नजर बरगड्यांवरच खिळते. पण जरा थांबा. एवढी माणसं चौकटीत नेमकी मावली कशी? कुणीतरी त्यांना तसं उभं केलं. कशासाठी? सरकारचं काम दिसावं म्हणून. फोटो खोटा नाही, उपासमार खरीच होती. मात्र मदत कुणाकुणापर्यंत पोचली नाही, हे तो सांगत नाही.

तुमच्या ट्रंकेतला लग्नाचा जुना फोटोही असाच वाचा. खुर्चीवर कोण, मागे उभं कोण, कडेला अर्धं कापलं गेलेलं कोण? मागं स्टुडिओचा शिक्का आहे का? आणि घरातल्या आजीला नावं विचारून ती फोटोच्या मागं शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहून ठेवा. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात.