वेगाचें मोल

(नभोवाणीवरील भाषण)



क्रिकेटच्या मैदानावर एखादा नवा पोरगा धांवत येऊन भन्नाट वेगानें चेंडू टाकूं लागला कीं प्रेक्षकांत कुजबूज सुरू होते, "हा पुढें मोठा होणार!" अमेरिकेंत बेसबॉलच्या मैदानावर हेंच घडतें. मात्र तेथें नुसत्या कुजबुजीवर भागत नाहीं. पोराचा वेग यंत्रानें मोजतात, त्याचे गुण आंकड्यांत मांडतात, आणि चार-पांच वर्षांनीं तो कोठें असेल याचें भाकित कागदावर लिहून ठेवितात. हें काम करणारे पगारी पारखी प्रत्येक मोठ्या संघाच्या पदरीं असतात. अशा वेगवान तरुणाची पारख कशी होते, ती कोठें फसते, आणि ती खरी कशी करावी, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. बेसबॉलमध्यें चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. तो धांवत येत नाहीं. मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहून, टप्पा न पाडतां, ६० फूट ६ इंचांवरील लक्ष्याकडे चेंडू फेकतो. हें लक्ष्य १७ इंच रुंद असतें, आणि उंचीला फलंदाजाच्या गुडघ्यापासून साधारण छातीपर्यंत. या चौकटींतून गेलेला, किंवा फलंदाजानें हुकविलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक. अशा तीन झाल्या कीं फलंदाज बाद. उलट, फलंदाजानें सोडून दिलेले चार चेंडू चौकटीबाहेर गेले, तर त्याला पहिला तळ फुकट मिळतो. त्याला वॉक म्हणतात. म्हणजे वेग कितीही असो, चेंडू चौकटीबाहेर जाऊं लागले कीं प्रतिपक्षाला बॅट उचलण्याचेंही कारण उरत नाहीं.

वेगाचा दरारा कां, तेंही पाहूं. ताशी १०० मैल वेगाचा चेंडू हातांतून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत सेकंदाच्या चार दशांशांहूनही कमी वेळांत पोहोंचतो. ताशी ९० मैलांच्या चेंडूला लागणारा वेळ यापेक्षां सुमारें ४ शतांश सेकंदच जास्त. पण फलंदाजाचा सारा संसार या चार शतांशांतच मांडलेला असतो.

सामना नऊ डावांचा. पहिला पिचर थकला, कीं शेवटच्या दोन-तीन डावांसाठीं दुसरा येतो. तो रिलीफ पिचर. पहिल्याला तेच फलंदाज तीन-तीन वेळां भेटतात, म्हणून त्याच्याजवळ तीन-चार तऱ्हेचे चेंडू असावे लागतात. रिलीफ पिचरला एका फलंदाजाशीं बहुधा एकदांच गांठ घ्यावयाची असते. त्याचें एका-दोन चेंडूंवर भागतें. म्हणूनच वेग अफाट पण कला तुटपुंजी अशा तरुणाला संघ हळूंच या कामाकडे वळवितात. मोठ्या ३० संघांच्या हाताखालीं कनिष्ठ संघांची उतरंड असते. २०२१ सालच्या फेररचनेनंतर हे संघ १२० झाले आणि त्यांच्या चार पायऱ्या ठरल्या. लहान गांवांची मैदानें आणि रात्रभराचे बसप्रवास असें तेथलें जिणें. २०२३ सालच्या करारानें वरच्या पायरीवरील खेळाडूचें किमान वार्षिक वेतन ३५,८०० डॉलर झालें. त्यापूर्वीं तें याच्या जेमतेम निम्म्यावर होतें.

पारख्यांची मोजपट्टी २० पासून ८० पर्यंत असते. ५० म्हणजे मोठ्या संघांतील मध्यम प्रतीचा गुण. ८० म्हणजे फार थोड्यांनाच लाभणारा. वेग, दुसऱ्या तऱ्हेचे चेंडू, ताबा, अशा एकेका गुणाला निराळा अंक देतात. येथेंच पहिला सांपळा आहे. वेगाचा अंक यंत्र देतें, आणि तो एका दुपारींच मिळतो. ताब्याचा अंक मिळावयास महिने लागतात, आणि हात टिकेल कीं नाहीं याचा अंक तर कोणतेंच यंत्र देत नाहीं. जें लवकर मोजतां येतें, तेंच महत्त्वाचें वाटूं लागतें.

या सांपळ्याचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे स्टीव्ह डॅल्कॉस्की. कनेक्टिकट संस्थानांतील न्यू ब्रिटन गांवचा हा डावखुरा, चष्मा लावणारा, मध्यम बांध्याचा तरुण १९५७ सालीं बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघाच्या कनिष्ठ पायरीवर दाखल झाला. ज्यांनीं त्याचा चेंडू पाहिला, त्यांपैकीं अनेकांनीं याहून वेगवान चेंडू पाहिला नसल्याचें सांगितलें. पहिल्याच हंगामांत ६२ डावांत त्यानें १२१ फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद केले. पण वॉक दिले १२९! १९६० सालीं स्टॉकटन येथें १७० डाव टाकून त्यानें २६२ बळी मिळविले आणि बरोबर २६२ च वॉक दिले. पुढच्या वर्षीं तर १०३ डावांत १९६ वॉक.

१९५८ सालीं त्याला सैन्याच्या ॲबर्डीन येथील चांचणी-मैदानावर नेऊन वेग मोजला. आंकडा आला ताशी ९३.५ मैल. परंतु तो आदल्याच दिवशीं सामन्यांत चेंडू टाकून आलेला. पायाखालीं उंचवटा नाहीं, सपाट जमीन. आणि यंत्राच्या झोतांत चेंडू नेमका पडावा म्हणून तो कितीतरी वेळ फेकतच राहिला. म्हणजे ज्याची कीर्ति केवळ वेगावर उभी होती, त्याचा खरा वेग कधींच समजला नाहीं. आंकडा कोणत्या स्थितींत मिळाला हें विचारल्यावांचून आंकड्यावर विश्वासूं नये, हा पारख्याचा पहिला धडा.

आतां कल्पना करा कीं १९६१ च्या अखेरीस या तरुणाविषयीं अभिप्राय लिहिण्याचें काम आपल्याकडे आलें आहे. आपण काय लिहूं? पांच वर्षें झालीं, सुधारणा नाहीं. सोडून द्यावा, असेंच बहुतेक लिहितील. परंतु १९६२ सालीं एल्मायरा येथें त्याला अर्ल वीव्हर हा व्यवस्थापक भेटला. वीव्हरनें पुढें सांगितलें आहे कीं, त्यानें आपल्या खेळाडूंची बुद्धिमापन-चांचणी घेतली, तींत डॅल्कॉस्की फारच मागें पडला; आणि तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं, आजवर प्रत्येक शिक्षकानें या मुलाच्या डोक्यांत नव्या सूचना कोंबल्या, हीच चूक झाली. त्यानें सूचना थोडक्या केल्या. दोनच तऱ्हेचे चेंडू टाकावयाचे, वेग किंचित् आंवरून चौकटींत राहावयाचें. दोन स्ट्राइक झाल्यावर मी शीळ घालीन, मग सर्व शक्ति लावावयाची. परिणाम काय झाला? १६० डावांत १९२ बळी आणि ११४ वॉक. स्टॉकटनला नऊ डावांमागें सुमारें चौदा वॉक देणारा हात आतां सहा-साडेसहांवर आला. बळींचें प्रमाण थोडें उतरलें खरें. पण तोच तर ताब्याचा मोबदला होता.

येथें दुसरा धडा मिळतो. पारख ही स्थितीची करूं नये, गतीची करावी. आजचा वॉकचा आंकडा किती, यापेक्षां गेल्या वर्षापासून तो कोणत्या दिशेनें चालला आहे आणि ती दिशा कोणी दिली, हें अधिक बोलतें. पुष्कळदां खेळाडूच्या नांवावर मांडलेला दोष त्याच्या शिक्षकांचा असतो.

पुढची हकीकत दुःखद आहे. १९६३ च्या मार्चमध्यें, मोठ्या संघांत त्याची जागा जवळजवळ निश्चित झालेली असतांना, यांकीज संघाविरुद्धच्या सराव-सामन्यांत त्याच्या कोपराला इजा झाली. तो वेग पुन्हा आला नाहीं. कांहीं वर्षांतच त्याचा खेळ संपला. मागें राहिलें दारूचें व्यसन आणि शेतांवरील मजुरी. मोठ्या संघाकडून एकही अधिकृत सामना न खेळतां, २०२० च्या एप्रिलमध्यें कोरोनाच्या साथींत तो आपल्या गांवींच वारला. कोपराच्या आंतील बाजूचा तुटलेला अस्थिबंध बदलण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनीं टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली ती १९७४ सालीं. आज ती सर्रास होते. तरी तीनंतर खेळावयास वर्ष-दीड वर्ष लागतें, आणि पहिला हात परत मिळेलच अशी हमी कोणी देत नाहीं.

याच्या उलट चित्र पनामाच्या मारियानो रिव्हेरा याचें. १९९० सालीं त्याला घेतला, तेव्हां वेग नांवाजण्याजोगा नव्हता. १९९२ सालीं कोपरावर शस्त्रक्रिया झाली. पण त्याची चेंडू टाकण्याची लकब प्रत्येक वेळीं अगदीं एकसारखी असे, आणि चेंडू नेमका चौकटींत पडे. १९९५ सालीं कनिष्ठ संघांत असतांना त्याचा वेग एकाएकीं ९५ मैलांपर्यंत चढला. पुढें जवळजवळ एकाच तऱ्हेच्या चेंडूवर त्यानें रिलीफ पिचर म्हणून ६५२ सामने राखून दिले, आणि २०१९ सालीं एकाही मतदात्याचा विरोध न होतां कीर्तिमंदिरांत जाणारा तो पहिला खेळाडू ठरला. ताबा असलेल्याला वेग मागाहून लाभला. वेग असलेल्याला ताबा लाभेतों हात गेला.

आपल्या देशाचाही या विषयाशीं एक धागा जुळतो. २००८ सालीं भारतभर झालेल्या एका स्पर्धेंत, वेगानें आणि चौकटींत चेंडू कोण फेकतो याची परीक्षा घेऊन, उत्तर प्रदेशांतील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेक करणाऱ्या तरुणांची निवड झाली. दोघांनीं बेसबॉल कधीं खेळलेला नव्हता. पिट्सबर्गच्या संघानें त्यांच्याशीं करार केला, आणि रिंकू कांहीं वर्षें कनिष्ठ संघांतून खेळला. वर मात्र तो पोहोंचला नाहीं. पराक्रम लहान नव्हे. पण स्पर्धेंतील फेक आणि सामन्यांतील फेक यांत किती अंतर आहे, हें त्यावरून दिसतें.

तेव्हां ताशी १०० मैल वेगाचा एखादा तरुण पुढें उभा राहिला, तर पारख्यानें वेगाचा आंकडा शेवटीं वाचावा. आधीं चार प्रश्न विचारावे. दहाव्या चेंडूची लकब पहिल्यासारखीच आहे काय? वेग ओळखून बसलेल्या फलंदाजाला चकविणारा दुसरा चेंडू त्याच्यापाशीं आहे काय? वॉक वर्षागणिक कमी होत आहेत काय? आणि त्याच्या कोपराची व त्याच्या मनाची काळजी कोण घेत आहे? चारांपैकीं तिघांचें उत्तर होकारार्थी असेल, तर वेग हें सोनें आहे. एकाचेंही नसेल, तर तो नुसता आवाज आहे.

आणि हा अभिप्राय संघाच्या धन्यापुरता नसावा. खोट्या आशेचा एक कागद एखाद्या पोराला पांच वर्षें बसप्रवासांत आणि अर्ध्या पगारांत अडकवून ठेवतो. उतावळ्या निराशेचा एक कागद एखादा रिव्हेरा घरीं पाठवितो. ज्याच्या आयुष्याचा निवाडा आपण करतों, त्याला तो निवाडा कारणांसह कळावा, इतकें ऋण प्रत्येक पारख्याच्या डोक्यावर आहे. मैदान बेसबॉलचें असो कीं आपल्या घरांतील मुलांच्या अभ्यासाचें, तें ऋण सारखेंच आहे.