सायलेन्सरच्या दोन स्प्रिंगा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण पोटगी, संरक्षण अधिकारी, जबाब या विषयांवर बोललो. आता मला मोटरसायकलच्या सायलेन्सरबद्दल बोलायचं आहे. हसू नका, विषय आपल्याच कामाचा आहे.

मी माण तालुक्यात वाड्यावस्त्यांवर घरभेटींना जाते. एसटी फाट्यावर सोडते, पुढे चार-पाच किलोमीटर पायी. म्हणून चुलतभावाची १५० सीसीची जुनी मोटरसायकल मी विकत घेतली. तिचा कंपनीचा सायलेन्सर काढून त्यानं घरच्या घरी बाजारातला मोठ्या आवाजाचा बसवला होता. आवाज दाबणारा आतला भाग, ज्याला पोरं डीबी किलर म्हणतात, तोही काढून टाकलेला. गाडी सुरू झाली की गल्लीतली कुत्री उठायची. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगू? थोडी ऐटच वाटायची. बाई मोटरसायकलवर, आणि तीही अशी दणदणीत!

एका वस्तीवर एक बाई आहे. नवरा मारतो. तो रानात असताना मी तिच्याकडे जायचे, ती वेळ तिनंच सांगितलेली. तिसऱ्या भेटीनंतर ती मला आठवड्याच्या बाजारात भेटली, मनगट सुजलेलं. म्हणाली, "ताई, तुमची गाडी वड्याच्या पल्याडनंच वाजती. यास्नी रानात कळतं कोण आलंय ते." मी गेल्यावर संध्याकाळी त्यानं तिला विचारलं होतं, काय सांगितलंस त्या बाईला? आणि मारलं होतं. आपण कागदपत्रांच्या कपाटाला कुलूप लावतो, नोंदवहीत नावं लिहीत नाही. आणि मी ओढ्यापलीकडूनच तिचं गुपित वाजवत येत होते. गाडी लांब लावून चालत जायचं हे तरी मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

कंपनीचा सायलेन्सर भावाच्या माळ्यावर पडून होता. तो घेऊन गॅरेजमध्ये गेले. तिथला माणूस म्हणाला, "स्प्रिंगांना लई ताकद लागती, ताई. भावाला पाठवा." भाऊ म्हणाला, रविवारी बघू. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मीच पाने घेऊन बसले.

आता ही स्प्रिंग काय भानगड आहे ते सांगते. असा सायलेन्सर पुढच्या पाईपावर नुसता सरकवलेला असतो आणि दोन बाजूंच्या दोन स्प्रिंगा त्याला ओढून धरतात. बोल्टनं घट्ट का आवळत नाहीत? तर इंजिन थरथरतं, पाईप तापला की फुगतो, गार झाला की आकसतो. सांधा थोडा हलता ठेवला नाही तर पत्रा तडकतो. म्हणजे ती स्प्रिंग गाडीवर असते तेव्हा कायम ताणलेलीच असते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पकडीनं धरून जोरात ओढली, पकड निसटली, आणि सुटलेली स्प्रिंग येऊन माझ्या भुवईला लागली. बोटभर खाली लागली असती तर डोळाच होता.

आमच्या शेजारचे आजोबा एसटीच्या आगारात फिटर होते. ते ओट्यावर बसून हे बघत होते. त्यांनी मला शिकवलं, पण स्वतः हात लावला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची जास्त आभारी आहे. ते म्हणाले, आधी डोळ्याला चष्मा. मग स्प्रिंगवर फडकं टाक, सुटली तर त्यातच अडकेल. तोंड तिच्या रेषेत ठेवू नको, बाजूला बस. लाकडी मुठीत बसवलेला जाड तारेचा आकडा घ्यायचा (बाजारात तयारही मिळतो, पातळ तार मात्र सरळ होते आणि पुन्हा तीच गत), स्प्रिंगच्या टोकाच्या कडीत अडकवायचा आणि हिसका न देता, अंगाचा भार मागे टाकत ओढायचं. कडी थोडी पुढे सरकली की खुंटीवरून उतरते. संपलं. विहिरीतून पाणी शेंदणाऱ्या बाईला ताकदीचं कोण सांगतंय?

क्रमही महत्त्वाचा. इंजिन पूर्ण गार हवं, नाहीतर पोटरी भाजते. मागच्या ब्रॅकेटचा बोल्ट आधी फक्त सैल करायचा, काढायचा नाही. मग स्प्रिंगा. शेवटी एका हातानं सायलेन्सर पेलून बोल्ट काढायचा, नाहीतर सगळं वजन सांध्यावर येतं.

एवढं करून कंपनीच्या सायलेन्सरची पट्टी गंजून तुटलेली निघाली. नवी पट्टी आणि पॅकिंग मिळेपर्यंत तोच भोंगा परत बसवायचा! तेव्हा आजोबांनी नाण्यांची युक्ती सांगितली. हातातली स्प्रिंग एका बाजूला वाकवायची, वेढे उघडतात, त्यात एकेक नाणं सरकवायचं. मग दुसऱ्या बाजूला वाकवून तिकडंही. स्प्रिंग लांबलेलीच राहते, बोटांनी खुंटीवर चढते, मग पकडीनं नाणी उपसून घ्यायची. चष्मा तेव्हाही हवाच. माझ्याकडे २५ पैशांची नाणी होती, २०११ साली चलनातून गेलेली. पातळ आहेत, छान बसतात.

आठ दिवसांनी कंपनीचा सायलेन्सर चढला. गाडी उघड्यावर सुरू केली. बंद खोलीत कधीही करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. सांध्याजवळ, न चिकटवता, हात धरून हवा फुटत नाही ना ते पाहिलं.

मुलींच्या वसतिगृहाबाहेर फटाके वाजवत गाड्या फिरवणारी पोरं तुमच्याही गावात असतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, ध्वनिप्रदूषणाचे नियम मोडणाऱ्या गाडीला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. तक्रार अर्जात हे कलम लिहा. माझीही गाडी तोवर त्याच कलमात बसत होती, हेही सांगायला हवं.

पुढच्या भेटीला मी त्या बाईच्या दारात उभी राहिले तेव्हा ती दळण निवडत होती. दचकली. "कवा आलासा? गाडी न्हाई आणली?" तिचा अर्ज आता कोर्टात आहे.

गाडी बाहेर निंबाखाली सकाळपासून उभी आहे, इंजिन गार आहे. तो भोंगा मी मुद्दाम रात्री पुन्हा चढवून, ढकलत आणलाय. चष्मे दोनच आहेत, तेव्हा दोघी-दोघींनी या.