हिशेबाचे घर बदलताना



व्याख्यानमालेत युनियनच्या माणसाला बोलावले की श्रोत्यांना वाटते, आता बोनस आणि महागाईभत्ता निघणार. आज आम्ही त्याहून रुक्ष वाटणारा विषय घेतला आहे. कारखान्याचा हिशेब एका संगणक-व्यवस्थेतून दुसरीत नेतात तेव्हा काय घडते, आणि त्यात कामगाराचे काय असते? विषय साहेबलोकांचा आहे असे कोणी म्हणेल. पण पैठणच्या, चितेगावच्या, वाळूजच्या वसाहतींत ज्यांची मुले पाळीला जातात, त्या प्रत्येक घराच्या पगाराशी त्याचा संबंध आहे.

आधी शब्द समजून घेऊ. या व्यवस्थेला 'बिझनेस इंटेलिजन्स' म्हणतात. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५८ साली या नावाने एक निबंध लिहिला होता. माल किती आला, नग किती निघाले, बाद किती झाले, यंत्र किती वेळ बंद होते, हजेरी किती, अशा नोंदी निरनिराळ्या खात्यांत होतात. त्या सहसा रात्री एका मोठ्या कोठारात गोळा केल्या जातात आणि सकाळी साहेबांसमोर तक्ते तयार असतात. आपल्या पेठेतला व्यापारी रोजकीर्दीवरून खतावणी आणि खतावणीवरून ताळेबंद करीत आला, त्याचाच हा मोठा अवतार होय.

मग ही व्यवस्था बदलायची कशाला? लेथ मशीन झिजते तसा संगणकातला कार्यक्रम झिजत नाही. पण तो बनविणारा एक दिवस त्याची देखभाल थांबवितो. सॅप या जर्मन कंपनीने आपल्या जुन्या मालिकेची नेहमीची देखभाल २०२७ अखेर संपेल असे जाहीर केले आहे. त्यामुळे जगभरचे कारखाने सध्या बांधाबांध करीत आहेत. हे काम टाळता येत नाही, आणि ते टाळावे असे आमचे म्हणणेही नाही.

आमचे म्हणणे निराळे आहे. या स्थलांतरात आकडे बहुधा सुखरूप पोचतात. वाटेत बदलतो तो आकड्यांचा अर्थ. एक उदाहरण देतो. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण गोष्ट एका कारखान्यापुरती नाही. आठ तासांची पाळी, म्हणजे ४८० मिनिटे. जेवणाची ३० वजा जाता ४५० उरली. त्या दिवशी कच्चा माल आला नाही म्हणून यंत्र ९० मिनिटे बंद राहिले. मिनिटाला एक नग असा दर. कामगाराने ३४२ नग काढले. जुन्या व्यवस्थेत 'माल नाही' असे कारण नोंदले की ती ९० मिनिटे बाजूला काढली जात. उरलेल्या ३६० मिनिटांवर ३४२ नग, म्हणजे कार्यक्षमता ९५ टक्के. नव्या व्यवस्थेत बंदची कारणे फार झाली म्हणून ती कमी करण्यात आली, आणि 'माल नाही' हे कारण 'इतर' या सदरात गेले. 'इतर' वजा होत नव्हते. तेच ३४२ नग आता ४५० मिनिटांवर भागले गेले. कार्यक्षमता ७६ टक्के! तोच माणूस, तेच यंत्र, तेवढेच नग; पण महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला, आणि वर सुपरवायझरचे बोल ऐकावे लागले.

येथे कोणी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. सदरे कमी करणारा तरुण इंजिनियर दुसऱ्या शहरात बसला होता. 'माल नाही' या दोन शब्दांवर कोणाचे काय अवलंबून आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ज्यांना ते ठाऊक होते त्यांना कोणी विचारले नाही. कामगारांनी पाळीच्या वह्या काढून ओळीने ओळ ताडून दाखविली, तेव्हा कोठे दुरुस्ती झाली. वह्या नसत्या तर?

पैठणकरांना हा धडा नवा नसावा. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढे पोथीवरून पोथी उतरताना लिहिणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांनी, याच गावच्या एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पदरची ओवी कोणी घालू नये असे बजावून ठेवले. धार्मिक अर्थ विद्वानांनी सांगावा. आम्हाला त्यात हिशेबनीसाचा धर्म दिसतो: उतरवून घेणे म्हणजे निम्मे काम, ताडून पाहणे हे उरलेले निम्मे.

दुसरा दाखला अलीकडचा. राज्याने हस्तलिखित सातबारा संगणकावर नेला. त्या वेळी, २०१७ साली, गावोगाव चावडीवाचनाची मोहीम काढण्यात आली. संगणकातला उतारा गावासमोर मोठ्याने वाचायचा, आणि ज्याची जमीन त्याने चूक सांगायची. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे उतारे मिळू लागले. सगळ्या चुका निघाल्या असे कोणी म्हणणार नाही. तहसील कचेरीत खेटे घालणारे येथेही बसले असतील. पण तत्त्व बरोबर होते: ज्याचा हिशेब, त्याच्यासमोर वाचन.

तेच तत्त्व कारखान्यात आणावे, एवढीच आमची मागणी आहे. पहिली गोष्ट, प्रत्येक सदराचा अर्थ मराठीत लिहून नोटीस बोर्डावर लावावा: हजर कोणाला म्हणायचे, बंद वेळ कोणाच्या खाती, बाद नग कोणाच्या माथी. दुसरी, निदान तीन पगार होईपर्यंत जुनी आणि नवी व्यवस्था शेजारी शेजारी चालवावी, आणि जेथे फरक पडेल तेथे कारण लेखी द्यावे. तिसरी, कँटीनमध्ये पाळीवार वाचन करावे. चौथी, जुन्या नोंदी पुसू नयेत. वर्षात २४० दिवस काम केले हे शाबीत करण्याचा भार कामगारावर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे. तो पुरावा बहुतेक वेळा मालकाच्या जुन्या मस्टरातच असतो. मस्टर गेले की माणसाची नोकरीची वर्षे गेली.

कोणी म्हणेल, युनियनला यात बोलण्याचा अधिकार काय? १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९अ होते. वेतन वगैरे सेवाशर्तींत बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तीच तरतूद कलम ४० मध्ये आली आहे. मालक म्हणतील, तक्ता म्हणजे सेवाशर्त नव्हे. पण तक्ता बदलल्याने पाकिटातली रक्कम बदलत असेल, तर तो वेतनाचाच प्रश्न आहे, आणि तो वाटाघाटीच्या टेबलावर आला पाहिजे.

आमच्या चळवळीने संगणकाला विरोधही करून पाहिला आहे. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील कर्मचारी त्यासाठी लढले. पुढे १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रीकरणाबाबत करार केला. यंत्र अडविण्यापेक्षा त्याच्या अटी ठरविण्यात कामगाराचे हित अधिक, असे आमचे अनुभवांती मत झाले आहे.

तेव्हा सभेतील तरुणांना एक विनंती. तुमच्या कारखान्यात नवी व्यवस्था येणार अशी कुणकुण लागली की बिचकू नका आणि हुरळूनही जाऊ नका. खिशात एक वही ठेवा. पाळी किती वाजता सुरू झाली, यंत्र केव्हा आणि कशाने थांबले, नग किती निघाले, हे रोज लिहा. आणि ज्या घरातला मुलगा इंजिनियर होऊन अशा व्यवस्था बांधतो, त्या घराने त्याला सांगावे की बाबा रे, सदर पुसण्याआधी एकदा यंत्रावरच्या माणसाला विचार. त्याला पाच मिनिटे लागतील. नाही विचारले तर कोणाचा तरी महिन्याचा किराणा अडतो.