परभाषेंतील शास्त्रीय लेखन

इसवी सन 900 च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखरानें आपल्या ‘काव्यमीमांसें’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत लावून दिला आहे. हें वत्सगुल्म म्हणजेच आजचें वाशीम. लिहिणें शिकवितां येतें, असें मानणारा हा पंडित होता. उपजत बुद्धीचा शिष्य आणि शिकवून तयार होणारा शिष्य, असे भेद त्यानें केले. इतकेंच नव्हे, तर दुसऱ्याचे शब्द व दुसऱ्याचा अर्थ उचलणें कोठें क्षम्य आणि कोठें निंद्य, याचा खल करण्यासाठीं त्यानें तीन अध्याय खर्चीं घातले.

त्याच वाशीम, रिसोड, कारंजा या गांवांतील विद्यार्थ्यांपुढें आज तोच प्रश्न उभा आहे. दहावीपर्यंत मराठींत शिकलेला मुलगा पुढें विज्ञानाचा प्रबंध इंग्रजींत लिहूं लागतो, तेव्हां प्रयोग त्याचा असतो, पण वाक्य त्याचें नसतें. भाषेच्या धास्तीनें तो छापील ग्रंथांतील परिच्छेदच्या परिच्छेद उतरून काढतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 सालचे नियम याला वाङ्मयचौर्य म्हणतात. प्रबंधांत 60 टक्क्यांहून अधिक मजकूर उसना आढळल्यास संशोधकाची नोंदणीच रद्द होते. भीतीपोटीं केलेली नक्कल अशा रीतीनें कित्येक वर्षांची खरी मेहनत बुडविते.

ही अडचण एकट्या वऱ्हाडची नाहीं. चीनमधील विद्यार्थीहि इंग्रजींत शास्त्रीय लेखन करूं लागला कीं असाच अडखळतो. चिनी भाषेंत काळाप्रमाणें क्रियापदाचें रूप बदलत नाहीं. आणि इंग्रजींतील ‘ए’ व ‘द’ यांना चिनींत जोड नाहीं, तशी ती मराठींतहि नाहीं. शिवाय 1905 सालीं बंद झालेल्या तेथील राजपरीक्षांत शतकानुशतकें प्राचीन ग्रंथांचें पाठांतर हाच विद्वत्तेचा पाया मानला जाई. आपल्याकडेहि गुरुमुखांतून आलेला शब्द जसाच्या तसा म्हणून दाखविणें ही गुरुभक्तीच गणली गेली. अशा परंपरेंतून आलेल्या मुलाला चोर म्हणण्यापूर्वीं त्याला रीत शिकविणें हें गुरूचें कर्तव्य ठरतें.

परभाषा आत्मसात करून शास्त्र शिकविण्याचें उज्ज्वल उदाहरण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनीं घालून दिलें आहे. 1938 सालीं चीनला गेलेल्या पांच भारतीय डॉक्टरांत ते होते, नागपूरचे डॉ. चोळकर हेहि त्यांतच होते. कोटणीसांनीं चिनी भाषा शिकून घेतली, त्याच भाषेंत तेथील वैद्यक विद्यार्थ्यांना शिकविलें आणि शल्यशास्त्रावर पाठ्यपुस्तक लिहावयास घेतलें. 9 डिसेंबर 1942 रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. शल्यशास्त्राच्या ग्रंथांत एखादें वाक्य संदिग्ध राहिलें, तर त्याचें मोल लेखक देत नाहीं, रुग्ण देतो. शास्त्रीय भाषा कां नेमकी असावी, याचें याहून निराळें कारण शोधावयास नको.

ही नेमकी भाषा शिकवावी कशी? आरंभ निरीक्षण आणि अनुमान वेगळें करण्यापासून व्हावा. ‘पाऊस चांगला झाला म्हणून सोयाबीन जोमानें आलें,’ या एका वाक्यांत दोहोंची गल्लत आहे. किती मिलिमीटर पाऊस पडला, कोणत्या तारखांना पडला, रोपांची उंची किती भरली, कमी पाणी मिळालेल्या वाफ्यांत काय दिसलें, हें अगोदर मांडावें. ‘म्हणून’ हा शब्द मागाहून यावा, आणि तोहि पुराव्याच्या आधारानें. दुसऱ्याचें मत घ्यावयाचें असेल, तर त्याचें पुस्तक मिटावें, तें मत शेजारच्या सोबत्याला मराठींत समजावून सांगावें, मग इंग्रजींत उतरावें आणि मूळ लेखकाचें नांव न चुकतां लिहावें. जें आपल्या बोलींत सांगतां येत नाहीं, तें अद्याप समजलेलेंच नाहीं, हें विद्यार्थ्याला याच वेळीं उमजतें.

अशा लेखनांत व्याकरणाच्या चार चुका राहतीलहि. त्या लाल शाईनें सुधारतां येतात. उसन्या वाक्यांत मात्र सुधारावयास लेखकाचें स्वतःचें असें कांहींच नसतें. मोडकें पण स्वतःचें वाक्य घेऊन येणाऱ्या मुलाला शाबासकी देणारा शिक्षक लाभला, तर वत्सगुल्माच्या भूमींतून उद्यांचे शास्त्रज्ञ लेखकहि निपजतील.