ओंडका बंदराकडे जातो तेव्हा

कांद्याचा भाव पुकारला जातो लासलगावला. पण तो ठरवण्यात परदेशी गिऱ्हाइकाचा हात केवढा असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. लाकडाचेही तसेच आहे. फरक एवढाच, की कांदा चारपाच महिन्यांत हाती येतो, आणि झाडाला एक पिढी लागते.

न्यूझीलंडमध्ये रेडिएटा पाइन नावाचे झाड लावतात. मूळचे ते अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचे. पण इथे असे मानवले, की सुमारे 28 वर्षांत तोडीला येते. त्याच्या आधाराने लाकूड चिरण्याच्या गिरण्या निघाल्या, आणि गिरण्यांभोवती गावे वसली.

1998 साली चीनमध्ये यांगत्से नदीला प्रचंड पूर आला. त्यानंतर तिथल्या सरकारने नैसर्गिक जंगलांच्या तोडीवर कडक बंधने घातली. तोड थांबली, घरबांधणी थोडीच थांबते! पुढे 2007-08 च्या सुमारास रशियाने ओंडक्यांवरचा निर्यातकर वाढवला, आणि चिनी व्यापारी न्यूझीलंडकडे वळले.

झाडांच्या मालकाचे भले झाले. तोडणारे, ट्रकवाले, बंदरावरचे कामगार, सर्वांना काम मिळाले. पण गिरणीवाल्याचे काय? बोटीवर मिळतो तो भाव त्याने द्यावा, नाहीतर ओंडका त्याच्या दारावरून सरळ बंदराला जाणार. आज देशात तुटणाऱ्या लाकडापैकी निम्म्याहून अधिक असे न चिरताच बाहेर जाते, त्यातले बहुतेक चीनला. (थोडे आपल्या कांडला बंदरातही उतरत आले आहे.) ओंडक्याबरोबर चिरण्याची मजुरीही बोटीवर चढते, हे ध्यानात घ्या. शिवाय गिऱ्हाईक एकच. 2020 च्या आरंभी साथीमुळे चीनमधले व्यवहार थंडावले, तिकडच्या बंदरांत ओंडक्यांचे ढीग लागले, आणि इकडे तोडणाऱ्या टोळ्यांना घरी बसावे लागले.

आता गिस्बोर्नकडचे डोंगर पाहा. 1988 च्या बोला वादळात तिथली माती धुपून गेली. ती धरून ठेवावी म्हणून पुढच्या काळात सरकारी मदतीने हजारो एकरांवर पाइन लावला. झाडे वाढली, माती थांबली. पण ती तोडीला आली ती नेमकी चीनची मागणी जोरात असताना. मग उतारच्या उतार एकदम मोकळे झाले. तोडीनंतरचा पाला, फांद्या, मोडके बुंधे डोंगरावरच पडून राहिले. जून 2018 मध्ये मुसळधार पाऊस झाला आणि हा सारा पसारा टोलागा बेच्या शेतांत आणि किनाऱ्यावर येऊन पडला. फेब्रुवारी 2023 मध्ये गॅब्रिएल वादळात पुन्हा तेच झाले. चौकशी समितीने सांगितले, की एवढे मोठे पट्टे एकदम सपाट करू नका. पण तोडीच्या मजुरीवर चूल पेटते अशी घरेही त्याच खोऱ्यांत आहेत, आणि त्यांत माओरी कुटुंबे पुष्कळ आहेत.